लष्करातला बडा अधिकारी निवृत्त झाल्यावर त्याच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालू शकतो का?

हो, चालतो. नुसतं कोर्ट मार्शल (लष्कराच्या स्वतःच्या न्यायालयातला खटला) करायचं असेल तर मात्र घड्याळ लावून. लष्कर कायदा १९५० च्या कलम १२३ प्रमाणे, सेवेत असताना केलेल्या गुन्ह्यासाठी निवृत्तीनंतर ३ वर्षांच्या आत खटला सुरू व्हावा लागतो (१९९२ च्या दुरुस्तीआधी फक्त ६ महिने मिळायचे, म्हणजे कागद हलेपर्यंत मुदत संपायची). बंड, सैन्यातून पळून जाणं अशा मोजक्या गुन्ह्यांना ही मर्यादा नाही, लाचखोरीला आहे.

पण ३ वर्षं उलटली म्हणजे साहेब सुटले, असं नाही. सीबीआय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लष्कराबाहेरच्या विशेष कोर्टात जाऊ शकते. आपल्या कुलाब्यातली ३१ मजली आदर्श इमारतीचा घोटाळा बघा: २०१२ च्या आरोपपत्रात राजकारणी, बाबू आणि लष्कराचे निवृत्त अधिकारी एकाच यादीत होते. आरोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे, हे आलंच. एक अडचण तेवढी आहे: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर निवृत्त अधिकाऱ्यासाठीही सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि फाइल तिथेच अडू शकते.