वर्गमित्राचे गाणे तपासताना

प्रश्न : मी पुण्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गाला कंठसंगीत शिकवते. वर्गातील १८ विद्यार्थ्यांनी एकमेकांचे गायन ऐकून लेखी अभिप्राय आणि गुण द्यावेत, असा उपक्रम मी गेल्या सत्रात केला. परंतु बहुतेकांनी ‘छान झाले’, ‘रियाज वाढवावा’ एवढेच लिहिले आणि मैत्रीखातर भरघोस गुण दिले. हा उपक्रम पुढे चालू ठेवावा का?

उत्तर : जरूर ठेवावा, मात्र गुण देण्याचे काम विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. ते आपणच द्यावेत, आणि त्यांतील काही गुण अभिप्राय लिहिणाऱ्याने किती नेमके ऐकले यासाठी राखून ठेवावेत, कारण या उपक्रमात गाणाऱ्यापेक्षा ऐकणाराच अधिक शिकतो.

‘छान झाले’ हे केवळ भिडेपोटी लिहिले जाते असे नाही. काय ऐकायचे तेच पुष्कळदा उमगलेले नसते. म्हणून एका वेळी एकच प्रश्न द्यावा. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत; भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे सर्वांत प्रमुख स्वर, तर देशकारात धैवत (ध). तेव्हा भूप गाताना तालाच्या कोणत्या आवर्तनात (फेरीत) धैवतावर अधिक रेंगाळल्यामुळे देशकाराची छाया आली, एवढेच शोधायला सांगावे आणि ध्वनिमुद्रणातील मिनिट-सेकंद लिहायला लावावेत. पुढच्या वेळी विलंबित (संथ लयीतील) एकतालाच्या बारा मात्रांपैकी मुखडा, म्हणजे बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ, कोठून उचलला आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी साधली का, हे विचारावे. (सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात शेजारचा अनोळखी श्रोता बोटांवर मात्रा मोजून हे न विचारताच सांगतो; आपले विद्यार्थी मात्र संकोचतात.) तंबोरा ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू यायला हवा, नाहीतर कणसूर (किंचित बेसूर) झालेली जागा कोणालाच दाखवता येणार नाही.

नावे झाकण्याचा खटाटोप करू नये. अठरा जणांच्या वर्गात आवाज लपत नाही. त्याऐवजी पहिला अभिप्राय आपल्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणावर मागवावा. गुरूच्या गाण्यातील उणीव मर्यादा सांभाळून कशी सांगायची हे एकदा जमले, की वर्गमित्राला सांगणे त्यामानाने सोपे जाते. प्रत्येक गायनावर तिघांनी लिहावे आणि गाणाऱ्याने कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाही व का, हे चार ओळींत कळवावे. हे सारे परीक्षेच्या निदान तीन आठवडे आधी उरकावे, म्हणजे दाखवलेल्या जागेवर रियाज करायला अवधी मिळेल.