वाचकांचे प्रश्न: जीएम खाल्लं तर काय होतं, आणि पेरलं तर?

प्रश्न: आमच्याकडे भजी-शेव सगळं सरकीच्या तेलात होतं. व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ फिरतोय की सरकी आता जीएम आहे आणि त्याने कॅन्सर होतो, उंदरांना आलेल्या मोठमोठ्या गाठी दाखवल्यात. घरात लहान मुलं आहेत, तेल बदलू का? – एक गृहिणी, जळगाव

उत्तर: ताई, सरकी जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घातलेली, आहे हे खरंय. 2002 मध्ये बीटी (मातीतल्या एका जिवाणूचं, अळी मारणारं जनुक घातलेल्या) कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातला 90 टक्क्यांहून जास्त कापूस बीटीच आहे, म्हणजे तेलही त्याच सरकीचं. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेलही बहुतेक जीएमच. पण बीटीचं जनुक झाडात एक प्रोटीन तयार करतं आणि रिफाइंड तेलात प्रोटीन जवळपास उरतच नाही. शिवाय ते प्रोटीन अळीच्या अल्कलाइन आतड्यात जाऊन तिथे चिकटतं तेव्हा अळी मरते, आपल्या पोटात आम्ल असतं आणि त्याला चिकटायला जागाच नसते.

त्या उंदरांचे फोटो फ्रान्सचे शास्त्रज्ञ सेरालिनी यांच्या 2012 च्या प्रयोगातले. एकेका गटात फक्त 10 उंदीर आणि जात अशी की वय झालं की त्यांना तशाही गाठी येतातच, म्हणून जर्नलनेच 2013 मध्ये तो पेपर मागे घेतला. पुढे दुसऱ्या जर्नलने तो छापला पण उंदीर तेवढेच राहिले ना. 2016 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी या विज्ञान संस्थेने शेकडो अभ्यास तपासले, बाजारातल्या जीएम पिकांमुळे माणसाच्या तब्येतीला जास्त धोका असल्याचा पक्का पुरावा त्यांना मिळाला नाही. तेव्हा तेल बदलू नका, तळण कमी करा, त्याचा मुलांना नक्की फायदा होईल.

पण म्हणून कुठलंही जनुक कशातही घाला असं होत नाही, प्रत्येक वेळी नव्याने तपासावंच लागतं. ब्राझील नटचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं होतं तेव्हा त्या नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते सोयाबीनही चालणार नाही असं टेस्टमध्येच दिसलं (हा अभ्यास 1996 मध्ये छापून आलाय) आणि ते बाजारात आलंच नाही. स्टारलिंक मका मात्र फक्त जनावरांसाठी पास झालेला होता, तो 2000 मध्ये अमेरिकेत माणसांच्या टाको शेल्समध्ये (मक्याच्या कुरकुरीत पोळ्यांत) सापडला आणि माल परत मागवावा लागला. तपासणीत त्याने कुणाला अ‍ॅलर्जी झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण गोदामात आणि ट्रकमध्ये धान्य वेगळं ठेवणं किती अवघड आहे ते कळलं. म्हणूनच पाकिटावर जीएम असं स्पष्ट लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं, विकत घेणाऱ्याला तेवढा हक्क आहेच.

प्रश्न: बिनबियांची द्राक्षं आणि तैवान पपई जीएम असते का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. भारतात लागवडीला परवानगी असलेलं जीएम पीक आजवर कापूस एकच आहे. हवाईत 1998 पासून व्हायरसला तोंड देणारी जीएम पपई पिकवतात, पण तुमच्या बाजारातली ती नव्हे. बिनधास्त खा.

प्रश्न: निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. गावात सगळे चोर बीटी (तणनाशकाने न मरणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बी) लावून राहिले, वरून तणनाशक मारलं की काम झालं. यात पर्यावरणाचं काय नुकसान आहे ते तरी सांगा. – एक शेतकरी, यवतमाळ

उत्तर: भाऊ, मजुरीची अडचण खरी आहे, ती नाही म्हणणाऱ्याने जुलैत तुमच्या शेतात येऊन उभं राहावं. पण आधी साध्या बीटीचं काय झालं ते बघा. पाकिटात 450 ग्रॅम बीटी आणि सोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बी यायचं, ते कडेने पेरायचं होतं, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी जुळतील आणि पुढच्या पिढीत ती ताकद पसरणार नाही. बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली कारण किडीसाठी जागा कोण सोडणार, आणि दुकानदाराने-कंपनीने पण नीट समजावलं नाही. त्यात गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते, तिला दुसरं पीक नाही, आणि आपण पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक) ठेवली म्हणजे वर्षभर तिच्या जेवणाची सोय. 2010 मध्ये गुजरातमध्ये पहिल्या बीटीला ती दाद देईना, मग दोन जनुकांचं बीटीही तिने पचवलं आणि 2017 मध्ये आपल्याकडे बोंडंच्या बोंडं किडली. त्याच हंगामात तुमच्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं गेली. ज्या बियाण्याने फवारणी कमी व्हायची होती त्याच पिकात हे झालं, मला जीएमबद्दल सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

तणाचंही असंच होतं. दरवर्षी ग्लायफोसेट हे एकच तणनाशक मारत राहिल्याने अमेरिकेत आपल्या माठाच्या जातीतलं एक तण आता त्याने मरतच नाही. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ग्लायफोसेटला बहुधा कॅन्सरकारक या गटात टाकलं, इतर काही संस्थांना ते पटलेलं नाही, पण पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने मारणाऱ्याने ते मनावर घ्यावं. आणि कापसातली तुमची तूर? कापूस वाचेल, तूर तणाबरोबर जळून जाईल. वर या बियाण्याला परवानगी नाही, पक्कं बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? मी तरी लावा म्हणणार नाही. फरदड मोडा, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा, डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा.

प्रश्न: बांगलादेशात बीटी वांगं खातात, मग आपल्याकडे बंदी का? – एक विद्यार्थी, राहुरी

उत्तर: 2009 मध्ये जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीने हिरवा कंदील दिला होता, पण फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जनसुनावण्या घेऊन ते थांबवलं, ते अजून थांबलेलंच आहे. बांगलादेशात 2014 पासून शेतात आहे. खाण्याच्या भीतीपेक्षा मला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं, वांग्याच्या असंख्य देशी जाती आणि रानटी भाऊबंद आपल्याच मातीत आहेत, परागकण तिकडे गेले तर ते जनुक परत काढून घेता येत नाही. आणि शेंडे-फळ पोखरणारी अळी उद्या बोंडअळीसारखीच सरावली तर? परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी कडेच्या नॉन-बीटी ओळी गावोगाव जाऊन कोण तपासणार, त्या माणसाचं पद आणि पगार आधी ठरवा, एवढंच माझं मागणं आहे.