अंदमान की लक्षद्वीप?
पहिल्यांदाच जाताय ना, मग सरळ अंदमान करा. लक्षद्वीपचं पाणी भारीच आहे, वादच नाही, पण तिथे परमिट काढा, कोचीहून अगत्तीचं विमान पकडा, त्यात सीट कमी, पोरंबाळं सोबत असली की डोक्याला ताप. अंदमानात पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) आणि नील (आताचं शहीद द्वीप) या बेटांना आपल्याला परमिट लागत नाही. सेल्युलर जेल तर मराठी माणूस चुकवत नाहीच, पण सगळे दिवस तिथेच नका घालवू, हॅवलॉकला निदान 2 रात्री ठेवा. आणि हो, तिथे अंधार लवकर पडतो, हिवाळ्यात 5 च्या आसपासच सूर्य मावळतो, म्हणून हॅवलॉकच्या राधानगर बीचला 3 लाच पोचा, आम्ही जेवून एक डुलकी काढून निघालो आणि सनसेट हुकला. मेच्या मध्यानंतर पाऊस सुरू होतो, तेव्हा नकोच.