विंडोजची ‘या फाइल्स हानिकारक असू शकतात’ ही सूचना अधिक स्पष्ट कशी लिहिता आली असती?

ही सूचना मला पाठ आहे. ऑफिसच्याच सर्व्हरवरची फाइल आपल्या डेस्कटॉपवर ओढली की विंडोज म्हणतं, या फाइल्स तुमच्या संगणकाला हानिकारक असू शकतात, तुमच्या इंटरनेट सुरक्षा सेटिंगवरून तसं वाटतं, तरीही वापरायच्या का? खाली ओके आणि कॅन्सल. मी एका छोट्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे यावरून येणारे फोन मीच घेतो.

आधी ती का येते ते सांगतो. विंडोजने फाइलच्या आत डोकावलेलंही नसतं, फक्त पत्ता पाहिलेला असतो. सर्व्हर ‘अकाउंट्स’ अशा साध्या नावाने उघडला तर तो सहसा आपल्या नेटवर्कमधला धरला जातो. तोच १९२.१६८.१.१० असा आयपी, म्हणजे संगणकाचा आकड्यांतला पत्ता, टाकून उघडला, तर पत्त्यात टिंबं आहेत म्हणून तो इंटरनेटवरचा ठरतो. (तुम्हाला लगेच सुटका हवी असेल तर सर्व्हर नावाने उघडा, किंवा इंटरनेट ऑप्शन्समध्ये लोकल इंट्रानेटच्या यादीत तो पत्ता घाला.)

मला राग येतो तो इथे. शंका का आली हे संगणकाला पक्कं ठाऊक आहे आणि तेवढंच तो सांगत नाही. ‘हानिकारक असू शकते’ हे जगातल्या कुठल्याही फाइलबद्दल खरं आहे. रोज दहा वेळा विनाकारण हे वाचणारा माणूस अकराव्या वेळी, खरा धोका असतानाही, न वाचताच ओके दाबतो. त्याला दोष देऊ नये.

मी ती अशी लिहीन:

“‘जमाखर्च’ ही एक्सेल फाइल १९२.१६८.१.१० या संगणकावरून येत आहे. हा संगणक तुमच्या ऑफिसचा आहे की बाहेरचा, हे विंडोजला ओळखता आलेलं नाही. फाइल तपासलेली नाही. संगणक ओळखीचा असेल तरच कॉपी करा.”

बटणं: ‘कॉपी करा’ आणि ‘कॉपी करू नका’.

फाइलचा खरा प्रकार सांगणं मी कधीच वगळणार नाही. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस पसरला त्याचं एक कारण हेच होतं. नावाच्या शेवटचं ‘व्हीबीएस’, म्हणजे ही चालणारी स्क्रिप्ट आहे ही खूण, विंडोज लपवत असे, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली.

काही ठिकाणी तर विचारूच नये. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या (वर्ड, एक्सेल) मॅक्रोंसाठी, म्हणजे फाइलच्या आतच असणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, पूर्वी पिवळी पट्टी आणि त्यावरच ‘चालू करा’चं बटण असे. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलला लाल पट्टी येते आणि ते बटणच नसतं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

मायक्रोसॉफ्टमध्येच सूचनांसाठी ‘नीट’ (इंग्रजीत NEAT) नावाची कसोटी तयार झाली: सूचना गरजेची, समजावणारी, काय करायचं ते सांगणारी आणि चाचणी घेतलेली हवी. चाचणीचं महत्त्व मला वरच्याच मसुद्याने पटवलं. तो आमच्या अकाउंट्सच्या ताईंना दाखवला, तर त्यांनी पहिलंच विचारलं, “हा १९२ वाला संगणक कुठला?” आता मी वर संगणकाचं नाव घालतो आणि आकडे त्याखाली, बारीक अक्षरात.