वाचकांचे प्रश्न : मामांची जुनी ७०-२०० नव्या कॅमेऱ्यावर

प्रश्न : मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. मामांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करताना त्यांनी कॅननची ७०-२०० मिमी, एफ २.८ ही पांढरी लेन्स मला दिली. ती १९९५ साली आलेल्या पहिल्या मॉडेलची आहे आणि तिच्यात स्टॅबिलायझर नाही. माझ्याकडे कॅननचा आर-१० हा मिररलेस कॅमेरा आणि त्याची १८-१५० लेन्स आहे. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या रात्रीच्या सभांत मी काढलेले फोटो दाणेदार तरी येतात किंवा हललेले तरी. अ‍ॅडॅप्टर घेऊन ही जुनी लेन्स वापरावी, की ती विकून स्टॅबिलायझर असलेली नवी घ्यावी? अ‍ॅडॅप्टरमुळे चित्राचा दर्जा उतरतो, असे दुकानदार सांगतात.

उत्तर : लेन्स विकू नका. मात्र अ‍ॅडॅप्टर घेण्याआधी तिची तपासणी करावी लागेल. ती कशी करायची हे शेवटी सांगतो.

आधी दुकानदारांच्या शंकेविषयी. मामांच्या लेन्ससारख्या कॅननच्या ईएफ लेन्स ज्या कॅमेऱ्यांसाठी बनल्या, त्यांत आरसा बसवायचा असल्यामुळे माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फिल्मचे किंवा सेन्सरचे अंतर ४४ मिमी ठेवलेले होते. आपल्या आर-१० सारख्या, आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नसल्याने हे अंतर २० मिमी आहे. मधले २४ मिमी भरून काढणारी, विजेचे संपर्कबिंदू असलेली पोकळ नळी म्हणजे हा अ‍ॅडॅप्टर. साध्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे दर्जा उतरायला किंवा प्रकाश कमी व्हायला कारणच उरत नाही. दुकानदारांच्या मनात बहुधा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे दूरचे आणखी मोठे दाखवणारा जोड, असावा. त्याच्यात काच असते आणि तो प्रकाश खातो. नळी ढिली किंवा वाकडी बसत असेल तर मात्र चित्राची एक बाजू धूसर होते, म्हणून अनोळखी बनावटीचा स्वस्त अ‍ॅडॅप्टर टाळावा.

आता मुख्य गोष्ट. आपली १८-१५० लेन्स १५० मिमीला एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). मामांची लेन्स त्याच जागी एफ २.८ पर्यंत उघडते, म्हणजे सेन्सरवर सुमारे पाचपट प्रकाश येतो. ज्या फोटोसाठी आपल्याला १२,८०० आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) लावावा लागत होता, तोच फोटो त्याच शटरवेगाला सुमारे २,५०० वर निघेल. दाणे कमी करणारे कोणतेही सॉफ्टवेअर वापरा, मुळात आलेल्या प्रकाशाची बरोबरी ते करू शकत नाही, असे माझे मत आहे.

स्टॅबिलायझरबद्दल आपल्यासारख्या अनेकांचा गैरसमज असतो. तो छायाचित्रकाराच्या हाताची थरथर सावरतो, गायकाच्या हाताची नव्हे. आलाप चालू असताना १/१२५ सेकंद पुरतो, पण गायक तानेत शिरला आणि हात वर गेला की १/२५० तरी हवाच, आणि सतारियाच्या उजव्या हातासाठी त्याहूनही अधिक. आपल्या १८-१५० मध्ये स्टॅबिलायझर आहे, तरीही फोटो हललेले येतात, ते बहुधा याचमुळे. तंबोरा स्पष्ट आणि बोटे पुसट, असे फोटो आपल्याकडे असतील तर ते एकदा पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

तरीही ही लेन्स निव्वळ हातात धरून रात्रभर काम होणार नाही. आर-१० चा सेन्सर लहान असल्याने २०० मिमीची दृष्टी ३२० मिमीसारखी होते, आणि जितके मिमी तितकावा सेकंदाचा भाग, या जुन्या हिशेबाने हातात धरून किमान १/३२० हवा. कॅमेऱ्याच्या अंगातही स्टॅबिलायझर नाही. म्हणून मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्या आणि तो कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला, लावा. लेन्स सुमारे १,३०० ग्रॅमची आणि कॅमेरा बॅटरीसह सव्वाचारशेच्या आसपास, तेव्हा खरे तर कॅमेराच लेन्सला लटकलेला असतो. उचलतानाही लेन्सला धरून उचलावे. पुढे सतरंजीवर जागा मिळाली तर मोनोपॉडचे भाग आत सारून तो मांडीपुरता ठेवला तरी चालतो, आणि मागच्यांची तक्रारही येत नाही.

फोकसच्या बाबतीत जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर अधिक चांगली चालते, हे ऐकून मामांनाही नवल वाटेल. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, खालच्या बाजूला असे. त्याच्यात आणि चित्राच्या सेन्सरमध्ये केसाएवढी तफावत असली तरी एफ २.८ वर डोळ्याऐवजी कान स्पष्ट यायचा, आणि म्हणून अनेक जण ही लेन्स एफ ४ वर ठेवूनच वापरत. मिररलेसमध्ये चित्राचा सेन्सरच फोकस मोजतो, तेव्हा ही तफावत उरत नाही. डोळा ओळखण्याची सोयही अ‍ॅडॅप्टरवरून चालते. अडचण येते ती मायक्रोफोनची. आठ मीटरवरून २०० मिमी, एफ २.८ ला स्पष्ट दिसणारी खोली सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नसते, आणि समोरून पाहिले तर माइक नेमका ओठांपुढे येतो. कॅमेरा माइकवर अडकला की डोळे गेलेच. दोन पावले बाजूला सरकावे, माइक गालापासून वेगळा दिसू लागतो आणि फोटोही बरा येतो.

शांत शटरचा मोह मात्र आवरावा. एका खाजगी मैफलीत मी इलेक्ट्रॉनिक शटर लावून निश्चिंत मनाने फोटो काढत बसलो, आणि घरी येऊन पाहिले तर जवळपास प्रत्येक फोटोत गायिकेच्या पांढऱ्या साडीवर आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने ती मंद-तेज चित्रात पट्ट्यांच्या रूपाने उतरते. यांत्रिक शटर ठेवून अँटी-फ्लिकर चालू केला की कॅमेरा दिवा तेज असण्याच्या क्षणी शटर उघडतो. तो १०० किंवा १२० हर्ट्झचेच लुकलुकणे ओळखतो, म्हणून डिमरवर चालणाऱ्या काही एलईडी दिव्यांखाली त्याचा उपयोग होत नाही. तिथे आलापात शांत शटर आणि १/१०० किंवा १/५० हा वेग लावून पाहावा. यांत्रिक शटरचा आवाज होतो हे खरे. आपण ग्वाल्हेरचे आहात, तेव्हा सम केव्हा येते हे आपल्याला सांगायला नको. समेवरच बटण दाबा. हाताचा आविर्भाव तिथेच पूर्ण होतो आणि श्रोत्यांच्या ‘वाहवा’त शटर ऐकूही जात नाही.

पूर्ण उघड्या छिद्रावर ही लेन्स किंचित मवाळ आहे, आणि जरीच्या काठाभोवती किंवा सतारीच्या तारांभोवती जांभळी-हिरवी किनार दिसू शकते. एफ ३.२ वर फरक जाणवतो, उरलेली किनार रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) काढता येते. समारोहाच्या पहिल्या सकाळी ढोलीबुवांची हरिकथा असते, तेव्हा ऊन भरपूर असते. त्या दिवशी हे ओझे घरी ठेवून १८-१५० च न्यावी.

आता तपासणी. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरून पुढून तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे; सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर तो त्याहून वाईट. चार धुळीचे कण असतील तर ते विसरून जा. मग मामांच्या जुन्या बॉडीवर लावून जवळून दूर आणि दुरून जवळ असा फोकस वीसेक वेळा करा. मोटर चीं-चीं करत असेल किंवा मध्येच अडखळत असेल तर तिचे आयुष्य संपत आले आहे, आणि इतक्या जुन्या लेन्सच्या मोटरवर खर्च करावा असे मी म्हणणार नाही. त्या परिस्थितीत नवी लेन्स घेण्याचा आपला विचार बरोबर ठरेल. लेन्स निकोप निघाली तर पावसाळ्यात ती चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनची ८०-२०० मिमी, एफ २.८ डी लेन्स आहे. झेड मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यावर तिचा असाच उपयोग होईल का? (एक वाचक, मुरार)

उत्तर : अर्धाच होईल. आपल्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, ती कॅमेऱ्यातल्या मोटरने स्क्रूवर फिरते, आणि निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही. त्यामुळे छिद्र आणि प्रकाशमापन चालेल, फोकस हाताने करावा लागेल. छिद्राचे कडे २२ वर लॉक करून ठेवावे, नाहीतर कॅमेरा चूक दाखवतो. बसून गाणाऱ्या कलाकाराचे फोटो चित्र मोठे करून, फोकस पीकिंगच्या (स्पष्ट भागाच्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) मदतीने निघतात. नृत्याचे निघणार नाहीत. नावात एएफ-एस असलेली ८०-२०० मिळाली, तर तिच्यात मोटर असल्याने ऑटोफोकस चालेल.