टेक्सासबाहेर कुणी ओळखत नाही, तरी हे करिअर आहे का?

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या सॅन अँटोनियोजवळ राहतो. मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावीला. गिटारवर स्वतःची कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाची, गाणी रचतो. मध्यंतरी ग्रीन हॉल या इथल्या डान्स हॉलमध्ये एका पन्नाशीच्या गायकाला ऐकून आला आणि म्हणाला, "मला असं व्हायचंय." त्या गायकाचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही, टेक्सासबाहेर त्याला कुणी ओळखतही नाही म्हणे. मुलाला कॉम्प्युटर सायन्सला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक कॉलेज नावाजलेलं, पण पार इलिनॉयमध्ये. दुसरं सॅन मार्कोसचं टेक्सास स्टेट. तो म्हणतो, कॉलेज नको, आता फक्त गायचं. यांचा एच-वन-बी आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, सगळ्यात आधी व्हिसाचं बोलू. तुमचा मुलगा एच-फोरवर, म्हणजे वडिलांच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर असणार. एच-फोरवर मुलाला शिकता येतं, कमावता येत नाही. बारमध्ये शंभर डॉलर घेऊन गायला तरी ते कामच, आणि समोर ठेवलेल्या बरणीत पडलेली टिप हीसुद्धा कमाईच. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही, तर एकवीस वर्षं पूर्ण झाली की साधारणपणे हा आधारही सुटतो आणि स्वतःचा व्हिसा घ्यावा लागतो, बहुधा विद्यार्थ्याचा एफ-वन. त्यावरही बाहेर पैसे घेऊन गाता येत नाही. म्हणजे "कॉलेज नको, फक्त गायचं" हा रस्ता आज कायद्यानेच बंद आहे. हे तुम्ही त्याला सांगू नका, इमिग्रेशन वकिलाला समोर बसवून सांगू दे. आईवडिलांनी सांगितलं की ते मुलाला गाण्याला केलेला विरोध वाटतो. बिनपैशाचे ओपन माइक (कुणीही येऊन गाऊ शकेल असे कार्यक्रम) आणि गाण्यांच्या रॉयल्टीचं काय, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, हे करिअर आहे. त्या गायकाचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, एवढ्यावरून तो अपयशी ठरत नाही. टेक्सासमध्ये कंट्री संगीताचं स्वतःचं जग आहे. ग्रीन हॉल 1878 सालचा आहे. असे जुने डान्स हॉल, बार, काउंटीच्या जत्रा, लग्नं, प्रांतापुरता चालणारा रेडिओ, एवढ्यावर माणूस नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या राजधानीला, न जाता आयुष्यभर गाऊ शकतो.

पण एक रात्र कशी जाते ते बघा. दुपारी स्पीकर, मिक्सर, केबल, गिटारी गाडीत भरायच्या. दोन-तीन तास गाडी हाकायची. पोचल्यावर जोडणी स्वतःच करायची. मग आठ ते अकरा गायचं, आणि त्यात निम्म्याहून जास्त गाणी दुसऱ्यांची, लोकांच्या फर्माइशीची. आपली मधूनमधून पेरायची. नाचणारी जोडपी खाली बसायला लागली तर मालक पुढच्या वेळी बोलावत नाही. संपल्यावर टेबलामागे उभं राहून टी-शर्ट आणि सीडी विकायच्या, सामान पुन्हा भरायचं, पहाटे घरी. तमाशाच्या फडाबरोबर फिरणाऱ्यांचं जिणं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. तुमच्या मुलाला हॉलमधले दोन तास दिसलेत. उरलेला दिवस त्याला माहीत आहे का, हे बघायला हवं.

यात खरी मिळकत राहते ती गाणं रचण्यात. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे रचणाऱ्याला आणि त्याच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला काहीच नाही. ते पैसे अॅस्कॅप किंवा बीएमआयसारख्या संस्था गोळा करतात. स्ट्रीमिंगवरचा रचनेचा वाटा 2021पासून एमएलसी ही संस्था गोळा करते, आणि तिथे नोंदणी फुकट आहे. सीडीवर दर गाण्यामागे रचनेचे 2023पासून 12 सेंट ठरले, पुढे महागाईप्रमाणे थोडे वाढत गेले. हजार सीडी खपल्या तरी एका गाण्याचे सव्वाशे डॉलरच्या आसपास. रक्कम लहान आहे, पण तेच गाणं दुसऱ्या मोठ्या गायकाने घेतलं तर चित्र बदलतं.

ब्लेझ फोली या गायक-गीतकाराचं उदाहरण मुलाला नक्की सांगा. जन्म 1949, खरं नाव मायकल डेव्हिड फुलर. ऑस्टिनच्या बारांमध्ये गायचा, कायम कफल्लक, बुटांनाही चिकटपट्टी लावलेली. 1987मध्ये मर्ल हॅगार्ड आणि विली नेल्सन या कंट्रीतल्या दोन बड्या गायकांनी त्याचं "इफ आय कुड ओन्ली फ्लाय" गायलं. 1 फेब्रुवारी 1989ला ऑस्टिनमध्येच गोळी लागून तो गेला, चाळिशीही गाठली नव्हती. हॅगार्डने तेच गाणं 2000मध्ये पुन्हा घेतलं आणि अख्ख्या अल्बमला त्याचं नाव दिलं. 2005मध्ये जॉन प्राइन या नामवंत गायक-गीतकाराने त्याचं दुसरं एक गाणं घेतलं, त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. गाणी इतकी चांगली होती, आणि माणसाला त्यांचं सुख लाभलं नाही. मला ही गोष्ट फार लागते. प्रतिभेच्या बाजूला कुणीतरी कागदपत्रं, तब्येत आणि हिशेब सांभाळायला हवा, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो "कुणीतरी" स्वतःच व्हावं लागतं. ऑस्टिनमध्ये कमी मिळकतीच्या संगीतकारांना आरोग्यसेवा मिळवून देणारी हॅम ही संस्था 2005मध्ये उभी राहिली. फोलीच्या वेळी तीही नव्हती.

म्हणून आत्ताच एक काम करा. प्रकाशित न झालेली दहा गाणी कॉपीराइट ऑफिसात एकत्र नोंदवता येतात, फी 85 डॉलर. मित्राबरोबर गाणं रचलं तर कुणाचा किती वाटा हे त्याच रात्री लिहून दोघांनी सह्या करायच्या. आणि कुठल्याही प्रकाशकाचा करार वकिलाने वाचल्याशिवाय सही करायची नाही.

कॉलेजचं विचाराल तर मी सॅन मार्कोस म्हणेन, इलिनॉयचं नाव कितीही मोठं असलं तरी. कंट्रीतला मोठा गायक जॉर्ज स्ट्रेट याच विद्यापीठात शेतीशास्त्र शिकत होता तेव्हा, 1975मध्ये, गावातल्याच चीटहॅम स्ट्रीट वेअरहाउसमध्ये गायला लागला. ती जागा केंट फिनले यांनी 1974मध्ये सुरू केली आणि नव्या गीतकारांसाठी आठवड्यातली एक रात्र राखून ठेवायची प्रथा पाडली. टेक्सास स्टेटमध्ये साउंड रेकॉर्डिंगचा पदवी अभ्यासक्रमही आहे. कॉम्प्युटर सायन्स घेऊन तो तिथे रुळला, तर पुढे विषय बदलायचा की नाही ते त्याचं त्याला कळेल. दुसऱ्यांची तीस आणि स्वतःची बारा गाणी कागद न बघता सलग म्हणता येतील, एवढी तयारी तोवर व्हायला हवी.

कॉलेजला होकार कळवायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि वडिलांनाही घेऊन तिघं त्या गायकाला ऐकायला जा. कार्यक्रम संपल्यावर तो टेबलामागे उभा असेल, तेव्हा मुलाला त्याच्याशी बोलू दे. वर्षात किती रात्री गाता, गाण्यांचे हक्क कुणाकडे आहेत, आजारपणाचं कसं करता, हे तीनच प्रश्न विचारायचे. तुम्ही दोघं बाजूला उभं राहून फक्त ऐका.