पित्ताशयाचे खडे: विम्यासाठी दहा महिने थांबावे का?

प्रश्न: पत्नीला (वय 42) गेल्या तीन महिन्यांत दोनदा पोटात जोराची कळ आली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सर्वांत मोठा 14 मिमी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा अंदाज 95,000 रुपये. आमच्या 5 लाखांच्या फॅमिली फ्लोटरला (सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच आरोग्य विमा) 14 महिने झालेत आणि खड्यांसाठी 24 महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. नाहीतर 3 लाखांची एफडी मोडावी लागेल: 36 महिने, 7 टक्के, 7 महिने बाकी. काय करू?

उत्तर: थांबू नका. एफडीही मोडू नका.

त्रास काहीच नसता आणि खडे दुसऱ्या कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सहज दिसले असते, तर बहुतेक सर्जन लगेच शस्त्रक्रिया सुचवत नाहीत. तेव्हा मीही 24 महिने पुरे होऊ द्या म्हटलं असतं. दोनदा कळ आल्यावर मात्र ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते. खडा पित्तनलिकेत उतरला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग आधी ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) नलिकेतला खडा काढायचा, नंतर पित्ताशय. मुक्काम वाढतो, कधी आयसीयू लागतं. बिल 95,000 च्या कितीतरी पुढे जातं.

आणि ते बिलही बहुधा तुमच्याच खिशातून जाईल. वेटिंग पिरियडची अट सहसा खड्यांशी संबंधित सगळ्या उपचारांना लागते, सूट फक्त अपघाताला असते. 'इमर्जन्सी होती' एवढ्यावर क्लेम मिळत नाही. म्हणजे या दहा महिन्यांत विमा असून नसल्यासारखा. पॉलिसीतलं ते कलम आजच वाचा. तुमच्या कंपनीचा गट विमा असेल तर एचआरला विचारा. त्यात हा वेटिंग पिरियड बहुतेकदा नसतो, पण पत्नीचं नाव त्यात आधीपासून हवं.

आता पैशांचं. मुदतीआधी एफडी मोडल्यास बँक 1 टक्का दंड लावते असं धरू. 29 महिन्यांसाठी पूर्ण 3 लाखांवर तो सुमारे 7,250 रुपये होतो. त्याऐवजी एफडीवर कर्ज घ्या, हिशोबाला 1 लाख धरू. दर साधारण 1 टक्का जास्त, म्हणजे 8 टक्के धरला तर 7 महिन्यांचं व्याज सुमारे 4,670. तेवढ्याच रकमेवर एफडी तुम्हाला जवळपास 4,080 देत राहते, त्यामुळे खरा बोजा 600 रुपयांच्या आत. तुमच्या बँकेचे दर तेवढे विचारून घ्या.

कर्ज मात्र 95,000 चं नको, 1,30,000 पर्यंतची मर्यादा मंजूर करून ठेवा. अंदाजपत्रकात भूलतज्ज्ञांची फी, औषधं, काढलेल्या पित्ताशयाची बायोप्सी धरली आहे का? पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागली तर दर किती? रक्तातल्या यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या निघाल्या तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) लागू शकतो, तो खर्च वेगळा. हे सगळं लेखी मागा.

त्याआधी एक फेरी राज्य सरकारच्या आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात मारा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं 5 लाखांचं संरक्षण आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरही आहे. ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेतून होते का, हे तिथला आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) सांगेल.

सोनोग्राफीची तारीख बदलून घेण्याचा किंवा निदान वेगळं लिहून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. पकडलं गेलं तर क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. खर्चाची आयकरात वजावटही धरू नका. विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच ती सोय आहे.

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा कळ काही तास थांबली नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल जपून ठेवा. पुढे पॉलिसी पोर्ट करताना (दुसऱ्या विमा कंपनीकडे नेताना) अर्जात ही शस्त्रक्रिया लिहावी लागेल.